हाक मारायच्या आधी

आप्पा, आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मला एका कुत्रीचं नाव फोनवरून कळवायचं आहे, आणि ते मला जमत नाहीये. आता अकरा वाजून गेलेत. सकाळपासून तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. घरात दोन कुत्र्या आहेत, त्यातली एक निवडायची, एवढीच गोष्ट. तुम्ही असता तर म्हणाला असता, "एवढ्यासाठी जेवली न्हाईस व्हय ग?" व्हय आप्पा, एवढ्यासाठीच. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. तेवढ्या काळात मी पोराचं लग्न केलं, नवऱ्याचं आजारपण काढलं, त्यांना पोचवून आले, पण अमुक एक गोष्ट तुम्हाला विचारावी असं कधी वाटलं नाही. आज वाटतंय. जनावराला बोलवायचं कसं, एवढी एकच विद्या माझ्याकडे आहे आणि ती तुमची आहे. आठ दिवस झाले, त्याच विद्येनं माझ्या तोंडचं पाणी पळवलंय.

तुम्ही गेलात तेव्हा हा प्रकार आपल्याकडे नव्हता, म्हणून आधी सांगते. कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत असते. आडव्या दांड्यांवरून उड्या मारायच्या, कापडाच्या बोगद्यातून जायचं, ओळीनं रोवलेल्या बारा काठ्यांमधून नागमोडी निघायचं, उंच फळीवर चढून पलीकडे उतरायचं. मालकानं बरोबरीनं पळायचं, पण हात लावायचा नाही, दोरी धरायची नाही, नुसत्या हाकेवर आणि इशाऱ्यावर सगळं. बावड्यातल्या आपल्या गोठ्याच्या जागेवर मी हे सगळं मांडलंय. तुमच्या दावणीच्या जागी आता निळ्या-पांढऱ्या पाइपांच्या दांड्या आहेत. लोक गाड्यांतून कुत्री घेऊन शिकायला येतात. सुरुवातीला गल्लीतल्या बायका कंपाउंडला टेकून बघायच्या आणि म्हणायच्या, "म्हशी पळवणाऱ्याची लेक कुत्री पळवालीया!" मला राग यायचा नाही. खरंच होतं ते. येत्या रविवारी पुण्याला मोठी स्पर्धा आहे, एका माणसाला एकच कुत्रं उतरवता येतं. आणि माझ्यासाठी ही शेवटची आहे, कारण माझे दोन्ही गुडघे बदलायची तारीख डॉक्टरांनी देऊन ठेवली आहे. त्यानंतर चालता येईल, देवळात जाता येईल, पण कुत्र्याबरोबर पळणं संपलं.

तांबडी मला जोतिबावर सापडली. चैत्राची यात्रा होऊन चार दिवस झाले होते. पायऱ्यांच्या कडेला नारळाच्या शेंड्यांच्या ढिगात एक गुलाबी पिल्लू झोपलेलं. गुलालानं इतकं माखलेलं की नाक कुठं आणि शेपूट कुठं ते बघावं लागलं. खेळण्यांचं दुकान आवरणारी बाई म्हणाली, "न्या की वैनी, देवाचा परसादच हाय त्यो." घरी आणून तीनदा धुतलं, तीनदा गुलाबी पाणी निघालं. चौथ्या वेळी कळलं की आता गुलाल संपला, उरलाय तो तिचा स्वतःचा तांबूस रंग. तिला मी तुमच्या पद्धतीनं वाढवलं. बाकीचे लोक खाऊ दाखवून शिकवतात, शिट्टी वाजवतात. मी मोपेड काढायची, साखर कारखान्याच्या मागच्या मातीच्या रस्त्यानं सावकाश निघायची आणि मागं न बघता तुमची हाक द्यायची, "याऽ बाय याऽ." म्हशीची हाक कुत्रीला! पण ती यायची, आप्पा. कान मागं टाकून, जीव काढून यायची. आजही मैदानात इतरांच्या इंग्रजी हुकुमांच्या गलक्यात माझी हाक उठली की पुण्याची माणसं वळून बघतात आणि हसतात, आणि मग तांबडीची वेळ बघून हसायची थांबतात.

दुसरी आहे ती कॉली. विलायती, काळी-पांढरी, मेंढरं राखणाऱ्या जातीची. दोन वर्षांपूर्वी पोरानं पुण्याहून आणून दिली. तिचे कागद आले तिच्याबरोबर, त्यात आई, आजी, पणजी, सगळ्यांची नावं. आपल्या घरात तुमच्या आजीचं नाव कुणाला सांगता येत नाही आणि कुत्रीची खापरपणजी कागदावर आहे, यावर मी पोटभर हसले होते. पोरगा म्हणाला, "आई, गावठीला तिकडं कोण बघणार? तिला घरी ठेव, लाड कर. खेळायला ही घे." मी म्हणाले, "तू बी गावठीच की रं." पण खोटं कशाला बोलू, कॉली हुशार आहे. तांबडीला जे सहा महिने लागले ते ती तीन आठवड्यांत शिकली. फक्त ती विचार करते. दांडीपाशी येते, क्षणभर माझ्याकडे बघते, आणि पटलं तरच उडी मारते. मागच्या पावसाळ्यात सरावात काठ्यांच्या मधोमध ती खाली बसली आणि पुढचा पंजा वर धरून राहिली. शिकायला आलेली सगळी माणसं बघत होती. मी ओरडले, हाका मारल्या, पाय आपटले. ती हलली नाही. जवळ जाऊन बघितलं तर पंजात सराट्याचा एवढासा काटा. मी तो काढला आणि तिला म्हणाले, "नाजूक नार! कागदावरचीच ग तू." सगळे हसले. त्या दिवसापासून मी मनातून तिला बाद केलं होतं.

गेल्या सोमवारी तांबडी फळीवरून उतरताना मागचा डावा पाय अर्धा पाऊल उशिरा टेकते आहे असं मला दिसलं. फक्त मला. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. मी तिला एकटीच घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फोटो काढला, उजेडापुढं धरला आणि म्हणाले, गुडघ्यातला दोर अर्धा तुटलाय, उरलेला अर्धा एखाद्या उडीत जाईल. मी विचारलं, रविवारपर्यंत, एका शर्यतीपुरतं? डॉक्टर आपल्या शिरोळकडचे, सरळ माणूस. म्हणाले, "मॅडम, पळंल की ती. तुम्ही बोलावलासा तर तीन पायांवर बी पळंल. त्योच तर घोळ हाय." मी म्हणाले, त्या दिवसापुरतं दुखायचं थांबेल असं काही इंजेक्शन देता येईल का? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि तांबडीच्या डोक्यावर हात ठेवला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी घरी येताना मी तेच घोकत होते, एकच शर्यत, पुरता एक मिनिटही नाही, एक मिनिटही नाही.

फोटोचा लिफाफा स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागं आहे. पोराला सांगितलेलं नाही, शिकायला येणाऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. आणि आप्पा, एवढ्यावर थांबलेले नाही मी. कॉलीच्या मागच्या आजारपणातल्या दुखण्याच्या गोळ्या कपाटात उरल्या होत्या. आज सकाळी त्यातली एक मी गुळाच्या खड्यात दाबून तांबडीला दिली. तासाभरानं मैदानात नेलं, नुसतं बघायला म्हणून. मी हाक दिली आणि ती निघाली. काय पळाली! एकही दांडी हलली नाही, पाय बरोबर टेकला, शेवटच्या उडीनंतर येऊन माझ्या छातीवर दोन्ही पंजे ठेवले. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच, रिकाम्या गोठ्याच्या जागेवर, बावन्न वर्षांची बाई टाळ्या वाजवत उभी होती. मग ती खाली उतरली आणि मला एकदम पाडवा आठवला, आणि माझे हात तिथंच राहिले. तेव्हापासून मी ही अशी बसले आहे. डोक्यात नुसती भिरभिर चाललीय. देवा, हिला पळू दे, असं म्हणते आणि त्याच तोंडानं, देवा, मला कुणीतरी अडवा, असंही म्हणते.

पाडवा तुम्हाला मी काय सांगायचा. पण लिहू दे, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे म्हशी नटतात आणि मालकाच्या मोटारसायकलमागं पळतात, ज्याची म्हस गर्दी, फटाके, हलगी, कशालाही न बुजता नुसत्या हाकेवर येईल तो खरा गवळी. मी अकरा वर्षांची होते. गोठ्यात तेव्हा दोन मोठ्या म्हशी, एक तुम्ही हरियाणाकडची आणलेली, आखूड वळ्याच्या शिंगांची, काळीभोर, तकतकीत, आणि एक आपली घरची, तलवारीसारख्या शिंगांची. सगळी गल्ली म्हणत होती हरियाणावाली उतरवा, फोटो चांगला येईल. तुम्ही म्हणालात, "ती दिसाय चांगली हाय. पर बुजली तर थांबतीया. ही माझी बाय जाळातनं बी येती." आणि घरची निवडलीत. शिंगं रंगवली, मोरपिसं बांधली, गळ्यात कवड्यांचा पट्टा घातला. मोटारसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढून ठेवलीत, त्या आवाजानं माझे दात वाजायचे. मी म्हणाले, "आप्पा, मी बी मागं बसून येतो." आपल्याकडच्या पोरी असंच बोलतात, माझी सून अजून हसते त्याला. तुम्ही म्हणालात, "म्हस चांगली धुतलीस तर बस."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस मावत नव्हता. तुम्ही गाडी उठवली आणि हाक दिली. मी मागं वळून बघत होते, ती येत होती. मान वर, पिसं हलताहेत, डोळे फक्त तुमच्या पाठीवर. चौकात तुम्ही गाडी गर्रकन वळवली, ती वळली, आणि वळता वळता मागच्या पायावर बसली. बसली म्हणजे कोसळलीच. लोकांना वाटलं शिकवलेला खेळ आहे, त्यांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी गुलाल उधळला. तुम्ही पुन्हा हाक दिलीत, सवयीनं. ती उठली. तीन पायांवर उठली आणि गाडीपर्यंत आली. तेव्हा तुम्ही खाली उतरून तिचा खूर हातात घेतलात. मागचा डावा. दोन नखांच्या मध्ये पत्र्याचा तुकडा आत गेलेला होता. तुम्ही दीड महिना त्या पायाशी बसलात, हळद, कडुलिंब, सरकारी डॉक्टर, सगळं झालं. विष वर चढत गेलं. संक्रांतीच्या आधी ती गेली.

घरात आजही ही गोष्ट निघाली की सगळे हेच म्हणतात की कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तुम्ही कानाला खडा लावलात, परत पाडव्याला गाडी काढली नाहीत. लोक बोलवायला यायचे, तुम्ही म्हणायचात, "हाक मारायच्या आधी पाय बघायचा असतोय. मी न्हाई बघितला. मुकी बिचारी कुणी हाका, तशातली गत झाली." मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच शिकवते. दोरी सोडायच्या आधी चारी पाय हातात घ्या, बोटांच्या मध्ये बघा, माझ्या वडिलांचा नियम आहे. लोक वहीत लिहून घेतात.

आप्पा, मी बघितला होता तो पाय.

पंचगंगेवर मी तिला धूत होते. मागच्या डाव्या पायावर पाणी ओतलं की ती पाय उचलायची. मी वाकून बघितलं तर पत्र्याचं टोक दिसलं. मी बोटांनी ओढलं, ते थोडं आलं आणि मोडलं, आणि रक्त यायला लागलं. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही वरच्या पायरीवर कुणाशी तरी बोलत हसत होता. तुम्ही इतके हसताना मला फारसे दिसायचे नाहीत. मला वाटलं, आता सांगितलं तर आप्पा म्हशीला घरी नेणार, हरियाणावालीला उतरवणार नाहीत, आणि मी गाडीवर बसणार नाही. मी काठाचा चिखल घेतला आणि त्या फटीत दाबून भरला. दोनदा भरला. रक्त थांबलं. ती पाय टेकून उभी राहिली आणि तिनं माझ्या खांद्याला तोंड घासलं. संध्याकाळी, सगळं झाल्यावर, तुम्ही गोठ्यात मला विचारलंत, "पोरी, सकाळी धुताना तुला काय दिसलं न्हाई?" मी म्हणाले, "न्हाई." तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "तुझं काय चुकलं. जनावराचं पाय मालकानं बघायचं असत्यात, पोरीनं न्हाई." पुढच्या दिवाळीला तो कवड्यांचा पट्टा तुम्ही मला दिलात, "तुझ्याकडं असू दे, तूच तिचं केलीस" म्हणून. तो पट्टा माझ्या लग्नात आला, माझ्या संसारात फिरला. माझ्यावर कुणी कधी एवढा विश्वास ठेवला नाही, आणि कुणाचा विश्वास मला एवढा नकोसा झाला नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणात सांगायचं ठरवून दोनदा उशाशी बसले. दोन्ही वेळा तुम्ही विचारलंत, "जेवलीस का?" आणि मी जेवायला उठून गेले.

मला वाटायचं, एक गावठी कुत्री तुमच्या हाकेवर भरल्या मैदानात शेवटपर्यंत नीट पळाली की ती चौकातली शर्यत पुरी होईल. गेल्या वेळी तांबडी जिंकली तरी ती पुरी झाल्यासारखं वाटलं नव्हतं. म्हणून तांबडीच हवी होती मला, कॉली नको होती. जातीबितीचा काही प्रश्न नव्हता. आणि आज सकाळी गुळात गोळी दाबताना माझं बोट तेच होतं. गूळ मऊ झाला होता, चिखलासारखा दबला. चाळीस वर्षांत मी एवढंच शिकले की काय? जी थांबत नाही तिला आपण इमानी म्हणतो आणि जी थांबून पाय दाखवते तिला नाजूक नार. त्या दिवशी हरियाणावाली असती तर ती चौकाच्या आधीच थांबली असती, लोक हसले असते, आणि ती जगली असती. आपली बाय हाकेमुळं मेली, आप्पा. हाक तुमची होती, पण ती हाक देऊ नका म्हणायचं काम माझं होतं.

पावणेपाच वाजले. मधे कारखान्याचा भोंगा झाला, मळीचा वास आला, मी दोघींना भाकरी घातली, स्वतः खाल्ली नाही. तांबडी दाराशी झोपली आहे. गोळीचा असर उतरला असावा, ती झोपेत डावा पाय सारखा जवळ ओढते आहे. कण्हत नाही. कधीच कण्हली नाही. मी उठून बसले तरी डोळे उघडते, बोलावलं तर येईन म्हणून. आता मी मुद्दाम हलत नाहीये.

फोन केला. पलीकडे कुणी तरुण मुलगा होता, यादी वाचत होता. तांबडीचं नाव त्याच्याकडे आधीपासूनच होतं, गेल्या वेळची विजेती म्हणून. मी म्हणाले, ते नाव काढा, तिच्या जागी कॉली घाला. त्यानं विचारलं, का मॅडम, काय झालं? मी म्हणाले, "तिचा पाय दुखावलाय. मला दिसलं होतं." तो म्हणाला, बरं. मी पुन्हा म्हणाले, "मला आधीच दिसलं होतं, मी बोलले नाही." तो म्हणाला, ठीक आहे मॅडम, नाव बदललंय, रविवारी लवकर या. फोन ठेवून मी खूप रडले. कॉली येऊन माझ्यासमोर बसली आणि मान वाकडी करून बघत राहिली. रविवारी ती मधेच बसली तर बसू दे, मी पाय बघीन.

हा कागद मी कवड्यांच्या पट्ट्यात गुंडाळून ठेवणार आहे, दुसरीकडे कुठं पाठवू? मघाशी लिहिलं की तुमच्या उशाशी दोनदा बसले. दोनदा नाही, एकदाच. आणि तुम्ही "जेवलीस का" विचारायच्या आधीच मी उठले होते.